‘ध’ चा ‘मा’ आणि इतर कोडी : पुण्याच्या दप्तरातील शब्द कसे उकलावेत?

१/ एका अक्षराने काय घडू शकते, याचे मराठीतील सर्वांत भीषण उदाहरण पुण्याने पाहिले आहे. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात गारद्यांनी पेशवे नारायणरावांचा खून केला. रामशास्त्री प्रभुणे यांनी चौकशी केली, तेव्हा रघुनाथरावांचा मूळ हुकूम नारायणरावांना ‘धरावे’ असा होता आणि पुढे त्यात फेरफार होऊन ‘मारावे’ असे झाले, अशी हकीकत समोर आली. ग्रँट डफ याने १८२६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मराठ्यांच्या इतिहासात ती नोंदवली. लोकांनी या बदलाचे बोट आनंदीबाईंकडे दाखवले आणि भाषेने ‘ध चा मा करणे’ हा वाक्प्रचार कायमचा जपून ठेवला.

आता हीच घटना शब्दकोड्याच्या चौकटीत मांडून पाहावी. तीन चौकोन : ध-रा-वे. शेजारी आणखी तीन : मा-रा-वे. तीनपैकी दोन चौकोन तसेच राहतात. केवळ पहिला बदलतो. ‘एक अक्षर बदला आणि नवा शब्द मिळवा’ हा मुलांच्या मासिकांतील साधा खेळ आहे. इथे त्या खेळाची किंमत अठरा वर्षांच्या पेशव्याचा जीव ही होती.

२/ इतिहासाची आवड असलेल्या तरुण वाचकाची पहिली अडचण बहुतेक वेळा शब्दांची असते. बखर उघडली, पेशवाईतील एखादे पत्र हाती घेतले, की पहिल्याच ओळीत चार अनोळखी शब्द भेटतात आणि उत्साह मावळतो. शब्दार्थांच्या याद्या पाठ करून हा अडथळा दूर होत नाही. परीक्षा संपली की यादीही संपते. कोड्यातून मिळवलेला शब्द मात्र टिकतो, कारण तो शोधावा लागतो, पडताळावा लागतो आणि शेजारच्या शब्दाशी जुळवावा लागतो.

जुन्या कागदाचा अभ्यासक नेमके हेच करतो. शब्दकोडे सोडवणे आणि ऐतिहासिक कागद वाचणे या दोन कृतींचे नाते किती जवळचे आहे, ते पुण्याच्याच उदाहरणांतून पाहू.

३/ आज ज्याला आपण शब्दकोडे म्हणतो, ते आडव्या-उभ्या चौकोनांचे कोडे तुलनेने नवे आहे. आर्थर विन याने रचलेले असे पहिले कोडे २१ डिसेंबर १९१३ रोजी ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’ या वृत्तपत्रात छापून आले. ते मराठीत आले, तेव्हा त्यात एक मूलभूत बदल झाला. इंग्रजी कोड्यात एका चौकोनात एक वर्ण बसतो. मराठीत एक अक्षर बसते. काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार आणि जोडाक्षर हे सगळे एकाच घरात नांदतात. ‘शब्दकोडे’ हाच शब्द घ्या : श-ब्द-को-डे. चार घरे.

हा फरक वरवरचा नाही. मराठी कोडे सोडवणारा अक्षरांत मोजतो, अक्षरांत विचार करतो. जुन्या हस्तलिखितात मधले एखादे अक्षर वाळवीने खाल्लेले असते किंवा शाई फुटून बुजलेले असते, तेव्हा वाचकही हेच विचारतो : इथे किती अक्षरांची जागा आहे? आधी काय उरले आहे, पुढे काय दिसते आहे? त्या जागेत अर्थाने आणि लांबीने कोणता शब्द बसेल?

४/ मोडी लिपी तर मुळातच कोड्यासारखी आहे. आधी ओळभर शिरोरेघ ओढायची आणि मग तिच्याखाली हात न थांबवता लिहीत जायचे, ही तिची रीत. दोन शब्दांत मोकळी जागा सोडण्याची पद्धत नाही. ऱ्हस्व-दीर्घ इकार-उकारांचा भेद नाही. त्यामुळे ‘दिन’ म्हणजे दिवस आणि ‘दीन’ म्हणजे दरिद्री हे दोन्ही शब्द कागदावर सारखेच दिसतात.

एक उदाहरण रचून पाहू. मोडीत ‘सोडुनका’ अशी चार अक्षरे सलग आली आहेत. ती ‘सोडू नका’ अशी वाचायची की ‘सोडून का’ अशी? पहिल्या वाचनात कैदी तुरुंगातच राहतो; दुसऱ्या वाचनात तो सुटलेला आहे आणि का सोडला, याचा जाब विचारला जात आहे. चारही अक्षरे तीच, अर्थ मात्र उलट.

मग निर्णय कसा करायचा? शब्दकोड्यात आडव्या शब्दाची खात्री उभा शब्द देतो. कागदातही तसेच असते. पुढचे वाक्य, पत्राची तारीख, ज्याला पत्र लिहिले त्याचा हुद्दा, त्याच प्रसंगाचे दुसरे पत्र, हे सारे उभे शब्द आहेत. एकाच दिशेने जुळणारे उत्तर हा केवळ अंदाज असतो. दोन्ही दिशांनी जुळले तरच ते वाचन ठरते.

५/ पेशवेकालीन कागदातील तारीख हे आणखी एक सुंदर कोडे. मराठी दप्तरांत ‘शुहूर सन’ नावाची कालगणना चाले आणि तिचे वर्ष आकड्यांत न लिहिता अरबी संख्यावाचक शब्दांत लिहिण्याची प्रथा होती. एकक आधी, मग दशक, मग शतक, शेवटी हजार. म्हणजे वाचायचे उलट्या दिशेने.

किल्ली अशी :
१ इहिदे, २ इसन्ने, ३ सलास, ४ अर्बा, ५ खमस, ६ सीत, ७ सबा, ८ समान, ९ तिसा, १० अशर.
२० अशरीन, ३० सलासीन, ४० अर्बैन, ५० खमसैन, ६० सितैन, ७० सबैन, ८० समानीन, ९० तिसैन.
१०० मया, २०० मयातैन, १००० अलफ.

आता कोडे : ‘इहिदे सितैन मया व अलफ’. एक, साठ, शंभर आणि हजार, बेरीज ११६१. शुहूर सनाचे वर्ष मृग नक्षत्राच्या सुमारास सुरू होते. म्हणून मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंतच्या तारखेसाठी ५९९ मिळवायचे आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंतच्या तारखेसाठी ६००. कागद जानेवारीतला असेल, तर ११६१ अधिक ६०० म्हणजे १७६१. उत्तर समोर आहे : पानिपतचे वर्ष.

ही किल्ली यादी म्हणून पाठ करू पाहणारा दोन दिवसांत विसरतो. पाच-सहा तारखा स्वतः सोडवणाऱ्याला मात्र ‘सितैन’ दिसताच साठ आठवतात.

६/ पानिपतचा विषय निघालाच आहे, तर मराठी इतिहासातील सर्वांत प्रसिद्ध शब्दकोड्याकडे वळणे भाग आहे. १४ जानेवारी १७६१ रोजी युद्ध झाले. त्या वेळी नानासाहेब पेशवे पुण्याहून निघून उत्तरेच्या वाटेवर होते. वाटेत सावकारांचा एक जासूद त्यांच्या लोकांना सापडला. त्याच्याजवळच्या पत्रात युद्धाचा शब्दही नव्हता. होती फक्त पेढीची भाषा. दोन मोती गळाले, सत्तावीस मोहरा गेल्या आणि रुपये-खुर्दा किती गेला त्याचा हिशेबच लागत नाही, असा त्याचा आशय होता.

कोडे सोडवायला नाण्यांची उतरंड ठाऊक हवी. सर्वांत मौल्यवान मोती : विश्वासराव आणि सदाशिवरावभाऊ. त्याखालोखाल सोन्याच्या मोहरा : मोठे सरदार. मग चांदीचा रुपया आणि शेवटी खुर्दा, म्हणजे तांब्याची सुटी नाणी : शिपाई आणि बुणगे. ‘खुर्दा’ या दोन अक्षरी शब्दाचा अर्थ ज्याला ठाऊक नाही, त्याला या पत्रातील सर्वांत मोठी हानी दिसतच नाही. मोजता न आलेली माणसे त्या एका शब्दात आहेत.

नानासाहेबांना उत्तर सापडायला वेळ लागला नाही. थोरला मुलगा आणि चुलतभाऊ गेल्याचे दुःख घेऊन ते पुण्यास परतले आणि २३ जून १७६१ रोजी पर्वतीवर त्यांचे निधन झाले.

७/ आता थोडे मागे, सतराव्या शतकात जाऊ. ६ जून १६७४ रोजी रायगडावर शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला. त्याच काळात महाराजांच्या आज्ञेने ‘राज्यव्यवहारकोश’ तयार झाला. रघुनाथ पंडितांकडे हे काम सोपवले गेले. दहा वर्गांत विभागलेल्या या श्लोकबद्ध कोशात राज्यकारभारातील सुमारे १,४०० फारसी, अरबी आणि दख्खनी शब्दांना संस्कृत पर्याय दिले आहेत. अष्टप्रधानांची नावे याच धोरणाने बदलली. जोड्या जुळवण्याच्या कोड्याला याहून चांगली सामग्री मिळणे कठीण :

पेशवा – पंतप्रधान
मुजुमदार – अमात्य
सुरनीस – सचिव
वाकनीस – मंत्री
डबीर – सुमंत
सरनौबत – सेनापती

मात्र इथे एक सापळा आहे. ‘शिवकालातील मंत्री कोणते काम पाहत असे?’ या प्रश्नाला आजचा वाचक ‘खाते सांभाळत असे’ असे उत्तर देईल. चूक. त्या वेळचा मंत्री म्हणजे वाकनीस : राजाच्या दैनंदिन व्यवहारांची आणि घडामोडींची नोंद ठेवणारा. आजच्या अर्थाने परराष्ट्रव्यवहार पाहणारा होता सुमंत. शब्द तोच राहतो, त्याच्या पोटातले काम बदलते.

दुसरी गंमत अशी की, हे सगळे पर्याय सारखे रुजले नाहीत. अठराव्या शतकात लोकांच्या तोंडी ‘पेशवे’ हाच शब्द राहिला आणि ‘पंतप्रधान’ मागे पडला. आज ‘पेशवे’ इतिहासजमा झाले आहेत आणि ‘पंतप्रधान’ रोजच्या बातम्यांत आहेत.

८/ पुढचे कोडे पुण्यातील घरांच्या दारांवरच्या पाट्यांवर आहे. चिटणीस, पोतनीस, पारसनीस, वाकनीस, जमेनीस, सुरनीस : या आडनावांत समान काय? शेवटची दोन अक्षरे. ‘नीस’ हे फारसी ‘नवीस’चे मराठी रूप; अर्थ लिहिणारा. चिठ्ठ्या म्हणजे पत्रे लिहिणारा चिटणीस. पोत म्हणजे खजिना, त्याचा हिशेब लिहिणारा पोतनीस. फारसी पत्रव्यवहार पाहणारा पारसनीस. जमेची बाजू लिहिणारा जमेनीस.

एका प्रत्ययाची ओळख पटली, की सहा शब्द एकदम उघडतात. शब्दसंपत्ती अशीच वाढते. एकेक शब्द गोळा करण्यापेक्षा त्यांना जोडणारा दुवा सापडणे अधिक मोलाचे. हीच युक्ती ‘-दार’ला लावून पाहावी : मुजुमदार, जामदार, किल्लेदार, हवालदार, मामलेदार. कोड्यात शेवटची दोन घरे आपोआप भरतात. उरलेल्या घरांत त्या माणसाचे काम दडलेले असते.

९/ पुण्याचा नकाशा स्वतःच एक भरलेले कोडे आहे. फक्त सूचना हरवल्या आहेत.

पाच अक्षरी : ‘तंबू, गालिचे व बिछायती यांचे राजखाते, आज पोलीस ठाण्याच्या नावात.’ उत्तर : फरासखाना. फरास म्हणजे बिछायत घालणारा, तंबू उभारणारा सेवक.

पाच अक्षरी : ‘पेशव्यांच्या खास घोड्यांचे तबेले, आज मुलींची शाळा.’ उत्तर : हुजूरपागा. १८८४ मध्ये सुरू झालेल्या शाळेने जागेचे जुने नाव सांभाळले आणि घोड्यांचा मागमूसही न उरलेला शब्द जिवंत राहिला.

तीन अक्षरी : ‘तेव्हा सरकारी कागदपत्रांचा संग्रह, आता विद्यार्थ्याच्या पाठीवर.’ उत्तर : दप्तर.

चार अक्षरी : ‘तोफा-बंदुकांना लागणारा साठा इथे असे; मद्याशी संबंध नाही.’ उत्तर : दारूखाना. इथली दारू म्हणजे बंदुकीची.

जुन्या राज्यव्यवस्थेतील ‘अठरा कारखाने’ या परिचित शब्दप्रयोगात कारखाना म्हणजे धूर सोडणारी गिरणी नव्हे. ते राजवाड्याचे किंवा राज्याचे एक खाते. पिण्याच्या पाण्याचा आबदारखाना, शस्त्रांचा शिलेखाना, स्वयंपाकाचा मुदपाकखाना, हत्तींचा पीलखाना. ‘कारखाना’ या शब्दाचा आजचा अर्थ घेऊन जुना कागद वाचला, तर शिवकालात गिरण्या होत्या असे वाटू लागेल.

म्हणूनच इतिहासाच्या कोड्यात केवळ समानार्थी शब्द देऊन भागत नाही. ‘कारखाना : उद्योग’ ही सूचना सोपी, पण वाचकाला आजच्याच काळात ठेवणारी. ‘राजाच्या हत्तींची व्यवस्था पाहणारे ठिकाण हे अशा अठरांपैकी एक’ ही सूचना त्याला त्या काळात नेते.

१०/ शब्दांचे बंधन स्वतःवर घालून घेण्याचा खेळ पुणे प्रांताला नवा नाही. बारामतीचे पंतकवी मोरोपंत (१७२९–१७९४) यांच्या नावावर १०८ रामायणे आहेत आणि त्यांतील अनेक रचना म्हणजे भाषेची कोडीच. मंत्ररामायणात ओळींच्या अक्षरांतून रामाचा तेरा अक्षरी मंत्र गुंफलेला आहे. निरोष्ठ रामायणात ओठ मिटून उच्चारायची अक्षरे वर्ज्य आहेत.

या दुसऱ्या बंधनाचा अर्थ नीट ध्यानात घ्यावा. प, फ, ब, भ, म यांपैकी काहीही नको. म्हणजे रामायण लिहायचे आणि ‘राम’ हाच शब्द वापरायचा नाही! लक्ष्मण नाही, भरत नाही, हनुमान नाही, मारुतीही नाही. हे बंधन पाळायचे तर कवीजवळ प्रत्येक नावाला दुसरे, तिसरे, चौथे नाव हवे. वाचकाने स्वतः प्रयत्न करून पाहावा : रामासाठी दाशरथी चालेल, सीताकांतही चालेल; रावणासाठी दशानन; हनुमानासाठी अंजनीतनय. लक्ष्मणासाठी? ‘सौमित्र’ सुचेल, पण त्यात पुन्हा ‘म’ आहे.

पाच मिनिटांच्या या खटपटीत जितके शब्द आठवतात, तितके पर्यायी शब्दांच्या यादीवर अर्धा तास घालवूनही आठवत नाहीत. सरळ वाट बंद झाली, की भाषेच्या आडवाटा दिसू लागतात.

११/ अशा आडवाटांवर हाती कंदील हवा, आणि तोही पुण्याने दिला. माधव त्रिंबक पटवर्धन, म्हणजेच कवी माधव जूलियन, हे फारसीचे प्राध्यापक. त्यांचा ‘फार्शी-मराठी कोश’ १९२५ मध्ये प्रसिद्ध झाला. य. रा. दाते आणि चिं. ग. कर्वे यांनी संपादित केलेल्या ‘महाराष्ट्र शब्दकोशा’चे सात खंड १९३२ ते १९३८ या काळात पुण्यातून निघाले. त्याही आधी, १८३१ मध्ये मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश आला आणि १८५७ मध्ये त्याची विस्तारित दुसरी आवृत्ती निघाली. पेशवाईनंतर अवघ्या काही वर्षांत गोळा केलेले शब्द त्यात असल्यामुळे जुना अर्थ शोधायचा तर आजही तो उघडावा लागतो.

हे कोश कोणासाठी, याचे उत्तरही पुण्यातच आहे. वि. का. राजवाडे यांनी १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला. गावोगाव हिंडून जमवलेली पत्रे त्यामुळे छापली जाऊ लागली. १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले. गो. स. सरदेसाई यांनी १९३० नंतरच्या काही वर्षांत पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड संपादित केले. ४५ खंड ऐकायला पुष्कळ वाटतात. पण पुणे पुराभिलेखागारात मोडी कागदांची संख्या कोटींत मोजली जाते. त्यांतील फार मोठा भाग आजही रुमालांत बांधलेला आहे. (‘रुमाल’ म्हणजे खिशातला नव्हे, कागद बांधून ठेवायचे मोठे फडके. हीही एक सूचना होऊ शकते.)

१२/ विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मोडी शाळेत शिकवली जाई. त्यानंतर ती गेली आणि तिच्यासोबत तिच्यात लिहिलेले शब्दही रोजच्या बोलण्यातून गेले. लिपी काही आठवड्यांच्या वर्गात पुन्हा शिकता येते. मोडी वाचनाचे वर्ग आजही चालतात. पण अक्षर लागले आणि शब्द कळला नाही, तर कागद मुकाच राहतो. रुमाल सोडून एखाद्या खेड्यातील वतनाचा तंटा, दुष्काळातील सूट किंवा विधवेचा अर्ज वाचू पाहणाऱ्याला ‘तगाई’, ‘निसबत’, ‘बेगमी’, ‘महजर’ हे शब्द ओळखीचे असावे लागतात. त्या माणसांची बाजू मांडणारा दुसरा कागद अनेकदा नसतोच.

म्हणून मित्रमंडळात, महाविद्यालयात किंवा घरी इतिहासाची कोडी रचायची असतील, तर तीन नियम पुरेसे आहेत. पहिला : सूचनेत काळ सांगावा, ‘पेशवाईत’, ‘शिवकालात’, ‘आज’. दुसरा : शब्द त्याच्या कामासकट विचारावा, केवळ पर्याय म्हणून नव्हे. तिसरा : एकमेकांना छेदणारे शब्द एकमेकांशी नाते असलेले निवडावेत. ‘मुजुमदार’ आडवा लिहून त्याच्या शेवटच्या ‘र’वर ‘दप्तर’ उभा संपवला, तर सोडवणाऱ्याला न सांगताच कळते की हिशेब तपासणारा अधिकारी आणि हिशेबाचे कागद एकाच घरात भेटतात.

१३/ आता वाचकांसाठी चार कोडी. उत्तरे वरच्या मजकुरातूनच काढता येतील.

अ) दोन अक्षरी : मोहर नाही, रुपया नाही, पानिपतच्या पत्रात याचीच गणती झाली नाही.

आ) तीन अक्षरी : मुजुमदाराचे राज्याभिषेकानंतरचे नाव.

इ) शिवकालातील मंत्र्याला काय म्हणत? चार अक्षरे; शेवटची दोन पुण्याच्या पुष्कळ आडनावांत सापडतात.

ई) एका कागदावर तारीख आहे : ‘समान अशर मयातैन व अलफ’. महिना नोव्हेंबरशी जुळतो. इसवी सन काढा. त्याच महिन्यात शनिवारवाड्यावरचे निशाण बदलले.